मेव्हण्याची पंपवाली बंदूक

आमच्या सासुरवाडीत कुणाला काही विकत घ्यायचं झालं की आधी मला विचारतात, याला कारण माझा चष्मा. बत्तीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली आणि घेतली. पुस्तकांच्या इतक्या जवळ राहिलेला माणूस सगळंच जाणत असणार, असा त्या घरात समज आहे आणि मी तो कधी जोर लावून खोडून काढलेला नाही. या जोरावर मी आजवर एक पाण्याची मोटार, दोन फ्रिज, सासूबाईंच्या गुडघ्याचा पट्टा आणि एका भाचीसाठी नवरा निवडून दिला आहे. मोटार अजून चालते. बाकीच्यांबद्दल मतभेद आहेत.

त्यामुळे एका रविवारी सकाळी मेव्हणा आला आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “दाजी, एक बंदूक घ्यायची होती,” तेव्हा मी फारसा दचकलो नाही. “किती लिटरची?” असं जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

“अरे, तू फौजेत सतरा वर्षं काढलीस. मी बंदूक फक्त चित्रात बघितली आहे. मला काय विचारतोस?”

“फौजेत बंदूक निवडायची नसती की दाजी. नंबर बोलतेत, सही घेतेत, हातात देतेत. आनि मी तर सतरा वर्षं ट्रक चालवला. ट्रकचं काय बी इचारा.”

मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. फौजेतून सुटून त्याला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात त्याने एका शाळेची बस चालवली, एका मित्राबरोबर चादरींच्या दुकानात बसून पाहिलं आणि चादर विकताना गिऱ्हाइकाला हुकूम सोडायची सवय काही जाईना म्हणून तेही सोडलं. आता सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीची नवी शाखा सोलापुरात उघडणार होती. तिला दारावर एक बंदूकधारी हवा होता. अट एवढीच की बंदूक त्याने स्वतःची आणायची, स्वतःच्या लायसन्सवर, आणि ती पंप-अॅक्शनच हवी. म्हणजे जिच्या नळीखालचं लाकूड मागेपुढे ओढलं की खडक-खडक आवाज येतो ती. दुनळी चालणार नाही. का चालणार नाही, तर मॅनेजर म्हणाला होता, “कस्टमरवर इम्प्रेशन पडलं पाहिजे.”

ही नोकरी हुकली तर दुसरी तयार होती, पण ती पुण्याला. तिथल्या एका एजन्सीने त्याला कधीही ये म्हणून सांगून ठेवलं होतं. राहायला खोली, महिन्यातून एकदा सुटी. म्हणजे पुन्हा तेच. आणि ‘तेच’ नको म्हणून तर तो परत आला होता.

ते त्याने मला वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. त्याची मुलगी नऊ वर्षांची. बाप सुटीवर यायचा तेव्हा ती त्याला शोकेसमधल्या कपात चहा द्यायची. निळ्या फुलांचा, बशीसकट, पाहुण्यांचा कप. आता बाप कायमचा घरी आला तरी ती त्याच कपात देते.

“परवा इचारलं मला, अप्पा, साखर किती घालू तुमाला? आनि मंग म्हनली, तुमी परत कवा जाणार?” एवढं सांगून तो हसला. थोड्या वेळाने तेच त्याने पुन्हा सांगितलं, पहिल्यांदा सांगितलंच नसल्यासारखं. तेव्हा मी चष्मा पुसला आणि बंदूक निवडायची जबाबदारी घेतली.

लायसन्सची खटपट त्याने आधीच उरकली होती. या कार्यालयातून त्या कार्यालयात, मग चौकीत, मग पुन्हा पहिल्या कार्यालयात. प्रत्येक ठिकाणी त्याला विचारलं होतं, बंदूक कशाला हवी? नोकरीसाठी. आणि नोकरी कुठे आहे? बंदूक आणली की मिळणार. या गोल रस्त्यावरून तो वर्षभर न चिडता चालला, याचं श्रेय मी फौजेला देतो. अखेर लायसन्स हातात पडलं. आता बंदूक घेऊन ती त्यावर चढवायची होती आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कंपनीचे सुरक्षा अधिकारी पुण्याहून येऊन तिची तपासणी करणार होते. जागा एक होती आणि बोलावलं दोघांना होतं.

मी अभ्यासाला लागलो. इंटरनेटवर बंदुकांबद्दल लिहिणारे लोक बहुतेक सगळे परदेशातले आणि बहुतेक सगळे भांडणारे. एक म्हणतो अमुक कंपनीचीच घ्या, दुसरा म्हणतो तिच्यापेक्षा काठी बरी. तरीही मी वहीत अकरा मुद्दे काढले. पहिला मुद्दा ‘विश्वासार्हता’ असा होता आणि त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

मधेच अक्कलकोटच्या बाजूच्या गावाहून बायकोच्या मोठ्या मामांचा फोन आला. मामांकडे वडिलांच्या वेळची दुनळी आहे. दस्त्यावर चांदीचा मोर. ही दुनळी मी आजवर दोनच ठिकाणी पाहिली, दिवाणखान्यातल्या भिंतीवर आणि मामांच्या एकसष्टीच्या फ्लेक्सवर. फ्लेक्सवर मामांनी ती उलट्या हाताने धरली होती.

“घरात बंदूक असताना दुकानात जाताव व्हय?” मामा म्हणाले. “सरकारची परवानगी काढा, ही घेऊन जा. आपल्या घराण्याची हाय.”

“मामा, त्यांना पंपवालीच पाहिजे.”

“पंप?” मामांनी विचारलं. “पंप असतो सायकलीला,” म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे दिवाळीपर्यंत ते आमच्याशी बोलले नाहीत. त्यात आमचा तोटा झाला असं कुणी म्हणालं नाही.

सोलापुरात बंदुकांची दुकानं फार नाहीत, आणि जी आहेत ती बाहेरून बंदुकांची वाटत नाहीत. आम्ही गेलो त्याच्या एका बाजूला फोटो फ्रेम करणारा, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीनचे सुटे भाग. आत काउंटरमागे सत्तरीचे एक चाचा चष्मा कपाळावर चढवून बसलेले. दुकान त्यांच्या पुतण्याचं, पण हत्यारांची दुरुस्ती अजून त्यांच्याच हातात होती.

“आओ. लायसन दिखाओ पैले,” चाचा म्हणाले. लायसन्स उलटसुलट वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. “ये क्या है?”

“मुद्दे आहेत,” मी म्हणालो. “विश्वासार्हता, वजन, सुटे भाग...”

“हौ हौ. अच्छा है. उसकू बाजू में रखो.”

मी वही बाजूला ठेवली. ती तिथेच विसरलो आणि नंतर आणायला गेलो नाही.

चाचांनी दोन बंदुका काढल्या. पहिली नवी कोरी, एका खाजगी कारखान्याची. चकचकीत, चंदेरी, काळा दस्ता, त्याला बोटं बसायला खाचा. मेव्हण्याने ती उचलली आणि त्याचा चेहराच बदलला. समोर आरसा होता. तो कशासाठी तिथे लावला असेल हे मला तेव्हा कळलं. मेव्हणा आरशापुढे किंचित तिरका उभा राहिला, पोट आत घेतलं.

“दाजी, मॅनेजरला ही आवडंल बघा.”

“मॅनेजर तिच्याशी लग्न करणार आहे का?”

“तसं न्हाय. पर इम्प्रेशन म्हनला हुता की.”

दुसरी बंदूक सरकारी कारखान्याची, वापरलेली. एका बँकेच्या दारावरच्या माणसाने बारा-तेरा वर्षं सांभाळलेली. तो निवृत्त झाला आणि त्याने ती रीतसर परवानगी काढून दुकानात विकायला ठेवली होती. रंग उडालेला. दस्त्याच्या एका बाजूचं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं, तिथे त्या माणसाची मांडी असणार. दिसायला ती अगदी नळ दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीतल्या हत्यारासारखी होती.

चाचांनी मेव्हण्यापुढे पाच डमी काडतुसं ठेवली. आत दारू नसलेली, सरावासाठीची. “भरो. खींचो. निकालो. बीस बार. फिर दूसरी.”

नव्या बंदुकीचा आवाज फार सुंदर होता. सिनेमात दार उघडून कुणी आत येतो तेव्हाचा. मेव्हणा मोजत होता, मीही मोजत होतो. चौदाव्या खेपेला काडतूस अर्ध्यात अडकलं.

“नई है,” चाचा शांतपणे म्हणाले. “घिस घिस को नरम हो जाती. झूट नै बोलता मैं.”

जुनीचा आवाज पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण आपटल्यासारखा. वीस वेळा आपटलं. मेव्हण्याने आपण होऊन आणखी दहा वेळा आपटलं. एकदाही अडली नाही. चाचांनी मग नळी काढून माझ्या डोळ्यापुढे धरली, रस्त्याच्या उजेडाकडे. आत स्वच्छ, गोल, लांब उजेड होता, एक डाग नाही. मग त्यांनी स्क्रूच्या खाचांवरून बोट फिरवलं. खाचा झिजलेल्या नव्हत्या, म्हणजे अडाणी हाताने ती कुणी उघडली नव्हती.

“दोनों बारा बोर. दोनों में पाँच काडतूस,” चाचा म्हणाले. “फरक इत्ताच, के चमकीली बिगडी तो मैं कंपनी को फोन लगाता. ये बिगडी तो मैं पेचकस लेता.”

मेव्हणा अजून आरशाकडे बघत होता.

“देखने की चीज होना तो बाजू में फोटो फ्रेमवाला है,” चाचा म्हणाले.

जुनीची किंमत नवीच्या निम्म्याहून थोडी जास्त होती. आपल्या बायकोची पाटली मोडायची पाळी टळली, हे मेव्हण्याच्या लक्षात आलं तेव्हा कुठे त्याने आरशाकडे पाठ केली. कागद झाले, लायसन्सवर नोंद झाली, चौकीत वर्दी झाली. चाचांनी बंदुकीबरोबर एक जुनं माहितीपुस्तक दिलं, पानं पिवळी पडलेलं. ते अर्थात मी ताब्यात घेतलं. बंदूक चादरीत गुंडाळून आम्ही भवानी पेठेत मेव्हण्याच्या घरी आणली. सोलापुरात चादरीत काय वाटेल ते गुंडाळलेलं असू शकतं, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. मेव्हण्याने ती लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि घरात हुकूम काढला की या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, “हात कोण लावतंय? पण खंडेनवमीला काढावी लागंल बघ.”

खंडेनवमीला आमच्या सासुरवाडीत हत्यारं पुजतात. जे ज्याचं पोट भरतं ते त्याचं हत्यार, अशी सासूबाईंची साधी व्याख्या आहे. गावाकडून आणलेला विळा, शिवणाची कात्री, मेव्हण्याचे पाने, स्वयंपाकघरातला मिक्सर, सगळं पाटावर मांडलं जातं. माझं हत्यार म्हणून त्या दरवर्षी माझा चष्मा मागतात. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत वापरायचं नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षी दोन दिवस मी भिंती चाचपडत हिंडलो होतो. आता जुना चष्मा खास त्यासाठी जपून ठेवला आहे.

या वर्षी मधल्या पाटावर बंदूक. मेव्हण्याने ती स्वतः कपाटातून काढली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, पाटावर आडवी ठेवली आणि गाडी धुवायला खाली गेला. सासूबाईंनी विभूतीची तीन बोटं ओढली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग त्या थबकल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“जावईबापू, ही काडतुसं घालतेत ती कुठनं?”

हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून मी आठवडाभर वाट पाहत होतो. माहितीपुस्तक माझं तोंडपाठ झालं होतं. मी पाटाजवळ बसलो, बंदूक हळूच कुशीवर केली आणि पोटाखालची ती लांबट फट दाखवली. काडतूस इथून आत जातं, इथून नळकांड्यात, तिथून वर, असं सगळं सविस्तर सांगितलं. सासूबाईंनी फार लक्ष देऊन ऐकलं. मला बरं वाटलं. तेवढ्यात आतून हाक आली की होळग्या, म्हणजे त्या घरातल्या पुरणपोळ्या, गरम आहेत, आणि मी जेवायला गेलो.

त्यापुढे काय झालं ते मला दोन दिवसांनी कळलं. त्या घरात नवं जे येईल त्याचं तोंड गोड करतात. सून आली, वासरू आलं, शिवणाचं मशीन आलं, प्रत्येकाला उंबऱ्याच्या आत काहीतरी गोड मिळालेलं आहे. सासूबाईंनी गुळाचा खडा तुपात बुडवला आणि मी दाखवलेल्या फटीत घातला. तो खाली पडू नये म्हणून अंगठ्याने आत सारला.

ऑक्टोबरमधलं सोलापूर. दुपारी देव्हाऱ्याच्या खोलीवरचा पत्रा तापला की मेणबत्तीसुद्धा वाकते. गूळ वितळला, तुपाबरोबर आत झिरपला, जिथे जिथे जायला वाट होती तिथे तिथे गेला आणि रात्री थंड होऊन बसला. दसऱ्याच्या दिवशी मेव्हण्याला पंपाचा सराव करायचा होता. सासूबाई म्हणाल्या, “पूजा उठल्याबिगर हात लावायचा न्हाय.” सतरा वर्षं साहेबांचे हुकूम पाळलेला माणूस, आईपुढे काय बोलणार? आम्ही आपट्याची पानं वाटत हिंडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी तिथे पोहोचलो. मला मेव्हण्याबरोबर जायचं होतं, कशासाठी ते दोघांनाही माहीत नव्हतं. मेव्हणा इस्त्रीचे कपडे घालून तयार. आतून त्याच्या मुलीचा आवाज आला.

“अप्पा, मुंग्या बंदुकीत चालल्यात.”

आम्ही गेलो. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातून काळ्या मुंग्यांची एक रांग शिस्तीत निघाली होती, पाटावर चढत होती आणि त्या फटीत शिरत होती. मेव्हण्याने बंदूक उचलली आणि पंप ओढला. पंप दोन बोटं सरकला आणि थांबला. त्याने जोर लावला. गुडघ्यात धरून लावला. काही नाही.

“आई!” मेव्हणा ओरडला. “काय घातलंस हिच्यात?”

“गूळ. काय ओरडतोस? तुपातला हाय.”

“बंदुकीत गूळ?”

“जावईबापूंनीच दाखवलं की कुठनं घालायचं ते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सणाला माहेरी राहिलेली बायको तर भाचीच्या नवऱ्याच्या वेळी बघत होती तशी बघत होती. मी माहितीपुस्तक उघडलं. त्यात चिखल, वाळू, ओलावा आणि गंज यांवर चार पानं होती. गुळाचा उल्लेख नव्हता.

मेव्हणा जमिनीवर बसला. चाचांचं दुकान अकराला उघडतं आणि अकराला तर तपासणी होती. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्यानंतर त्याने जे केलं ते ट्रक चालवणाऱ्याचंच काम होतं. जमिनीवर चादर पसरली. पुढची टोपी फिरवून काढली, नळी ओढून वेगळी केली. मी माहितीपुस्तकातून वाचत होतो, पण तो माझ्या आधी एक पायरी पुढे असायचा. दोन खिळ्या बाहेर ठोकल्या की घोड्याचा सगळा संच एका तुकड्यात हातात आला. त्यावर तपकिरी, चकाकणारा थर, आणि थरात मुंग्या.

मशीनचं तेल घातलं. गूळ आणखी चकाकला. मी सुचवलं रॉकेल. शेजारून आणलं. गूळ हलला नाही, मुंग्या मेल्या आणि खोलीला वास सुटला.

सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

“पाकाची कढई तुमी रॉकेलनं धुताव का रे?”

मेव्हण्याने रॉकेलची बाटली बाजूला सारली.

“गूळ कशानं जातो? गरम पान्यानं.”

“आई, बंदुकीवर पानी घालत नसतेत. गंजंल.”

“पुसायची मंग. एनू आगंगिल्ल,” त्या म्हणाल्या. काही होत नाही. त्या घरात अखेरचा निकाल नेहमी कानडीत लागतो. त्यांनी पुरणाचं मोठं पातेलं गॅसवर ठेवलं सुद्धा.

पाच मिनिटांत गूळ सुटला. जन्मभर पाकाच्या कढया धुतलेल्या बाईला जे ठाऊक होतं ते चार पानांत नव्हतं. मेव्हण्याच्या बायकोने जुन्या टूथब्रशने फटी घासल्या, सगळे तुकडे आम्ही गच्चीवर चादरीवर मांडले आणि सोलापूरच्या उन्हाने पहिल्यांदाच आमचं काही भलं केलं. दहा मिनिटांत भाग हातात धरवेनात इतके सुकले. तेलाचा हात फिरवला, जोडणी झाली, मेव्हण्याने पंप ओढला. ट्रंकेचं झाकण आपटलं. खालून वरून सगळ्यांनी श्वास सोडला.

“अप्पा, ही कशाची हाय?” मुलगी म्हणाली. तिच्या तळहातावर एक छोटी स्प्रिंग होती.

मेव्हण्याने बंदूक पुन्हा उघडली. या वेळेला त्याला अडीच मिनिटं लागली.

अकराला पाच कमी असताना आम्ही कंपनीच्या शाखेत पोहोचलो. मी गाडीवर मागे, मांडीवर चादर. काचेचं दार, आत गारवा, नवीन रंगाचा वास. दुसरा उमेदवार आधीच आला होता. करमाळ्याकडचा, उंच, रुबाबदार गडी, डोळ्यांवर काळा चष्मा. आणि हातात अगदी आमच्या दुकानात पाहिली तसली चंदेरी बंदूक. माणूस चांगला होता. त्याने मला बसायला जागा दिली आणि विचारलं, “काका, तुमची बंदूक कुठंय?” मी चादर दाखवली. त्याने मान हलवली, दुखवट्याला आल्यासारखी.

सुरक्षा अधिकारी म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार निघाले. सडपातळ, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला. मॅनेजर त्यांच्या मागे उभा. आधी करमाळ्याच्या गड्याने पंप ओढून दाखवला. सिनेमातला आवाज हॉलभर घुमला. “वा!” मॅनेजर म्हणाला. मग मेव्हण्याने ओढला. मॅनेजरने कुणीतरी शटर पाडलं की काय म्हणून दाराकडे पाहिलं.

सुभेदारांनी कागद तपासले, दोघांचे सारखेच ठीक होते. मग त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि गड्याला म्हणाले, “उघडा.”

“काय साहेब?”

“हत्यार उघडून दाखवा. साफ कशी करता?”

गड्याने काळा चष्मा काढला. “साहेब, नवी हाय. सर्व्हिसला कंपनीची मानसं येतेत की.”

“बरं. तुम्ही?”

मेव्हण्याने वर्तमानपत्रावर बंदूक ठेवली. टोपी, नळी, दोन खिळ्या, संच. त्याचे हात आपोआप चालत होते, सकाळपासून दोनदा तेच तर केलं होतं. दोन मिनिटंही झाली नसतील. सुभेदारांनी चष्मा चढवला, संच हातात घेतला, आत बोट फिरवलं आणि बोट नाकाजवळ नेलं. त्याच वेळी त्या संचाच्या कुठल्याशा फटीतून एक काळी मुंगी बाहेर आली. पातेल्यातून, उन्हातून आणि रॉकेलमधून वाचलेली. ती सुभेदारांच्या अंगठ्यावर चढली आणि इकडेतिकडे पाहायला लागली.

सुभेदारांनी मुंगीकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे.

“गूळ?”

मेव्हणा सावधानमध्ये उभा राहिला. “खंडेनवमी, साहेब. आई.”

मॅनेजरला काही कळलं नाही. मी जमिनीकडे बघत होतो. सुभेदारांनी संच वर्तमानपत्रावर ठेवला. मग त्यांनी मुंगी फुंकरीने उडवली.

“आमच्या आईनं नव्या ट्रॅक्टरच्या डिझेलच्या टाकीत साखर घातली होती,” ते म्हणाले. “तो अजून गोठ्यात उभा आहे.” आणि कागदावर काहीतरी लिहून ते आत गेले.

फोन दोन दिवसांनी आला. मॅनेजरने सांगितलं की त्यांनी ‘प्रोफेशनल अॅप्रोच’ असलेला उमेदवार निवडला आहे, म्हणजे मेव्हणा. हे सासूबाईंना समजावून सांगायला थोडा वेळ लागला. त्या म्हणाल्या, “म्हंजे गुळानंच झालं की.” यावर वाद घालावा असं मला एकदा वाटलं. मग मी माझाही त्यात वाटा आहे, हे लक्षात घेऊन गप्प बसलो. करमाळ्याच्या गड्याला, असं कळलं, दुसरीकडे एका लग्नाच्या कार्यालयात काम मिळालं, आणि तिथे ती चंदेरी बंदूक फार शोभते म्हणतात. मेव्हण्याच्या कपाटावर आता एक कागद चिकटवलेला आहे, ‘काही घालू नये’. तो कागद त्याने माझ्याकडून लिहून घेतला.

पहिल्या दिवशीची ड्यूटी संपवून तो साडेसातला घरी आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. कपाट उघडलं, बंदूक आत ठेवली, किल्ली गळ्यात घातली आणि तो माझ्याजवळ येऊन टेकला. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, पण सांगायची हौस होती. मॅनेजर कसा बोलतो, दारातून आत येणाऱ्या बाया पदर कसा सावरतात, एका म्हाताऱ्याने बंदुकीकडे बोट दाखवून “ही उडती का?” असं कसं विचारलं.

मुलगी आतून चहा घेऊन आली. निळ्या फुलांचा कप बशीसकट तिने माझ्यापुढे ठेवला. बापाच्या हातात कान चेपलेला स्टीलचा पेला दिला, साखर किती ते न विचारता, आणि गृहपाठ करायला निघून गेली.

मेव्हण्याने एक घोट घेतला आणि पेल्याकडे बघत राहिला.

“दाजी, साखरच न्हाय घातली तिनं.”

“मग हाक मार की.”

“नको,” तो म्हणाला. “आसू दे.” आणि सगळा पेला त्याने तसाच संपवला.